रात्र मधोमध तुटू नये म्हणून : तासगावच्या द्राक्षबागांसाठी हवामानाचा डेटा मांडताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार गटाचं आहे. गटाचं, गावाचं आणि माणसांची नावं वगळली आहेत.

२०१९ च्या हंगामाने या गटाला हवामान स्टेशनं बसवायला लावलं. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. पुराच्या पाण्यापासून लांब असलेल्या बागांनाही पुढे पावसाने सोडलं नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात आधी ‘क्यार’ आणि लगोलग ‘महा’ ही चक्रीवादळं उठली, पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला, आणि ऐन पोंगा (नुकता फुटणारा कोंब) आणि फुलोऱ्यात सापडलेल्या बागांमधून डाऊनी या रोगाने (केवडा) घडच्या घड नेले. त्यानंतर गटाने वर्गणी काढून शिवारात ठिकठिकाणी स्टेशनं उभी केली. प्रत्येक खांबावर पर्जन्यमापक, तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर, वाऱ्याचा पंखा आणि शेवटी पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजणारी एक छोटी चपटी पट्टी.

या सगळ्यात सर्वात महत्त्वाची ती पट्टीच. डाऊनीचे चलबीजाणू (पाण्यात पोहू शकणारे बीजाणू) पानावरच्या पाण्याच्या थरातून पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात आणि तिथून आत शिरतात. पान कोरडं असेल तर हा प्रवास होत नाही. भुरी या दुसऱ्या रोगाचं तसं नाही. तिला पानावर साचलेलं पाणी लागत नाही, दमट ढगाळ हवा पुरते. म्हणजे एकाच स्टेशनच्या आकड्यांतून दोन रोगांसाठी दोन वेगळ्या गोष्टी वाचायच्या असतात. हे प्रकरण डाऊनीपुरतं आहे.

अडचण

स्टेशनबरोबर आलेल्या अ‍ॅपमध्ये पहिल्याच पडद्यावर चार गोल डायल होते : तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस. हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आणि मध्ये हलणारा काटा. दिसायला ते छान होते आणि गटाला आवडायचेही. तरीही सकाळी सहापासून गटाला फवारणीचा सल्ला देणाऱ्या सल्लागाराचा फोन वाजायला लागायचा, आणि प्रश्न एकच असायचा : “सर, आज मारायचं का?”

हंगामाच्या मध्यावर गटाच्या अध्यक्षांनी आम्हाला बोलावलं. आम्ही सांगलीत डेटाच्या मांडणीचं काम करणारी चार-पाच माणसं. मागणी साधी होती : डायल जरा मोठे करा, मराठीत करा, रंग ठळक करा. त्या मागणीवर लगेच कामाला न लागता आधी काही सकाळी बागेत जाऊन बसायचं ठरलं, आणि पुढचं सगळं त्यामुळे बदललं.

फवारणीचा निर्णय दोन्ही बाजूंनी महाग असतो. गरज नसताना ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र) फिरवला तर औषध, डिझेल आणि मजुरी जाते, आणि माल निर्यातीचा असेल तर रेसिड्यूची, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची, टांगती तलवार राहते. गरज असताना फवारणी राहून गेली तर साधारण आठवड्याभराने पानावर तेलकट पिवळे डाग दिसतात, आणि तोवर संसर्ग आत पोचलेला असतो. हा निर्णय सकाळी होतो, पण तो रात्री काय घडलं यावर अवलंबून असतो. डायल दाखवत होते सकाळी सहाला काय आहे ते. उन्हं वर आली की दव उडतं, काटा हिरव्यात येतो, आणि रात्रभर पानं चिंब होती याचा मागमूसही पडद्यावर राहत नाही.

प्रश्न आधी ठरवले

आम्ही प्रत्येकाला एवढंच विचारत होतो : काल काय ठरवलंत आणि कशावरून? उत्तरांतून तीन प्रश्न पुन्हा पुन्हा वर आले. काल रात्री पान सलग किती तास ओलं होतं? शेवटच्या फवारणीनंतर सगळ्यात धोक्याची रात्र कोणती गेली? आणि ट्रॅक्टर एकच असताना दोन प्लॉटांपैकी ब्लोअर आधी कुठे न्यायचा?

हे तीन प्रश्न कागदावर लिहून गटाकडून मान्य करून घेतले, आणि चित्र काढायला त्यानंतरच बसलो. या कामातला हा सगळ्यात मोलाचा टप्पा होता असं माझं ठाम मत आहे. पहिल्या प्रश्नात एक आकडा वाचायचा आहे, दुसऱ्यात अनेक रात्रींतून एक शोधायची आहे, तिसऱ्यात दोन ठिकाणांची तुलना आहे. डोळ्याला ही तीन निरनिराळी कामं आहेत. एकच चित्र तिन्हींना सारखंच उपयोगी पडेल असं गृहीत धरता येत नाही.

पर्याय

पहिला पर्याय डायल सुधारण्याचा. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांच्या १९८४ च्या प्रयोगांपासून हे माहीत आहे की एकाच मापपट्टीवरची जागा माणूस अचूक वाचतो, लांबी त्याखालोखाल, आणि कोन वाचताना जास्त चुकतो. डायल म्हणजे कोनच. पण तो दोष दुय्यम होता. डायलला भूतकाळच नसतो, मग तो कितीही सुबक केला तरी वरच्या तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

दुसरा पर्याय गटातल्या बऱ्याच जणांना हवा होता : एकच दिवा. लाल म्हणजे मारा, हिरवा म्हणजे थांबा. सकाळच्या घाईत यापेक्षा सोपं काही नाही, त्यामुळे ही मागणी आम्ही झटकून टाकली नाही. पण धोक्याची पातळी बागेच्या अवस्थेवर ठरते. नुकता पोंगा निघालेली बाग आणि मण्यात पाणी उतरलेली बाग एकाच रात्री सारख्या धोक्यात नसतात. शिवाय दिवा चुकला तर तो का चुकला हे शेतकऱ्याला कळायला मार्ग राहत नाही. सल्लागारांनी याला स्पष्ट विरोध केला : दिवा चुकला तर शिव्या दिव्याला बसतील, पण बाग शेतकऱ्याची जाईल. शेवटी दिवा नाकारला. त्यामागची गरज मात्र खरी होती, आणि ती अजून पूर्ण भागलेली नाही. त्याबद्दल पुढे.

तिसरा पर्याय रेषालेख. आर्द्रतेची एक रेषा, ओलाव्याची दुसरी, खाली वेळ. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हा आयता मिळतो. कच्चा नमुना दाखवला तेव्हा जवळपास प्रत्येकाचं बोट रेषेच्या शिखरावर गेलं. “इथं सगळ्यात जास्त आहे.” पण डाऊनीला शिखराशी कर्तव्य नाही, ओलं किती वेळ टिकलं याच्याशी आहे. उत्तर आडव्या रुंदीत होतं आणि रेषालेख नजर उभ्या उंचीकडे ओढत होता. वर दोन रेषांना डावी-उजवीकडे दोन वेगळ्या मापपट्ट्या असल्याने त्या जिथे एकमेकींना छेदत, तिथे काहीतरी घडलं असावं असं लोकांना वाटायचं. त्या छेदाला काहीच अर्थ नव्हता. मापपट्टी बदलली की छेद दुसरीकडे सरकत होता.

चौथा पर्याय नुसता तक्ता : तारीख, ओल्या तासांची बेरीज, पाऊस, किमान तापमान. तो व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर म्हणूनही जाऊ शकत होता.

पाचवा आमचा. एक रात्र म्हणजे एक आडवी ओळ, ओळीत चोवीस चौकटी, पान ओलं असलेला तास गडद निळा, कोरडा तास पांढरा. खाली खाली एकेक रात्र. बोलताना आम्ही त्याला रात्रपट्टी म्हणू लागलो आणि तेच नाव राहिलं.

रात्रपट्टीची घडण

पहिल्या नमुन्यात ओळ मध्यरात्री बारापासून सुरू होत होती, कारण तारीख तिथे बदलते आणि डेटाबेस तसाच भरलेला असतो. दव पडायला सुरुवात होते रात्री नऊ-दहाला आणि पान वाळतं सकाळी आठ-नऊला. म्हणजे अकरा-बारा तासांचा एक सलग ओला पट्टा दोन ओळींत तुटायचा : थोडा वरच्या ओळीच्या उजव्या टोकाला, उरलेला खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला. बघणाऱ्याला दोन मध्यम रात्री दिसत, प्रत्यक्षात गेलेली असायची एक वाईट रात्र. ओळ दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा अशी केल्यावर प्रत्येक रात्र अखंड मध्यभागी आली, आणि लांब पट्टा नजरेत भरू लागला. स्टेशनबरोबरच्या मूळ अ‍ॅपमधली ‘दिवसाचे ओले तास’ ही बेरीजही मध्यरात्रीलाच तुटत होती. तो आकडा गट संपूर्ण मागचा हंगाम वापरत आला होता.

दुसरा निर्णय ओळीच्या नावाचा. बागायतदार बोलताना तारीख क्वचित सांगतो, तो म्हणतो “छाटणीचा बाविसावा दिवस”. त्यामुळे ओळीच्या डावीकडे छाटणीनंतरचा दिवस ठळक आणि तारीख बारीक टाकली. फळछाटण्या (फळ धरण्यासाठीच्या छाटण्या) पुढेमागे होत असल्याने शेजारशेजारच्या दोन प्लॉटांत पंधरा-वीस दिवसांचं अंतर सहज असतं. तुलना करताना तारखेने ओळी जुळवायच्या की छाटणीच्या दिवसाने, यावर बरीच चर्चा झाली. ब्लोअर कुठे न्यायचा हा प्रश्न आजचा आहे, म्हणून तारखेने जुळवलं आणि प्रत्येक ओळीला तिचा छाटणीचा दिवस तेवढा लावला.

तापमानाला रंग द्यावा असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. निळ्याच्या छटांत ओलावा आणि त्यावर तापमानाचा दुसरा रंग. नमुना सुंदर दिसला. पण आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री बहुधा डाऊनीला चालतील अशाच तापमानाच्या असतात. जो आकडा रात्रीगणिक निर्णय बदलत नाही त्यावर रंग खर्च करण्यात अर्थ नव्हता. तापमान ओळीच्या उजव्या टोकाला साध्या आकड्यात गेलं. त्याच्याशेजारी सर्वात लांब सलग ओल्या पट्ट्याचे तास, तेही आकड्यात. पाऊस झाला तो तास ठिपक्याने दाखवला, आणि शेतकऱ्याने फवारणीची नोंद केली असेल तर त्या चौकटीवर जाड उभी रेघ.

लाल-हिरवी जोडी पूर्ण टाळली. हे दोन रंग वेगळे ओळखायला अडचण येण्याचं प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि गटात अ‍ॅप वापरणारे जवळजवळ सगळे पुरुष होते.

चाचणी

“आवडलं का?” हा प्रश्न आम्ही अगदी शेवटी ठेवला. आधीच्या हंगामातल्या खऱ्या नोंदी घेऊन डायल, रेषालेख, तक्ता आणि रात्रपट्टी या चारही मांडण्यांवर तेच तीन प्रश्न विचारले. उत्तर काय, किती वेळ लागला, आणि स्वतःच्या उत्तराबद्दल किती खात्री वाटते, या तीन गोष्टी लिहून घेतल्या.

इथे दोन काळज्या घ्याव्या लागल्या. पहिली क्रमाची. सगळ्यांना रात्रपट्टी शेवटी दाखवली असती तर तोवर प्रश्नांची सवय झाल्याचा फायदा तिला मिळाला असता, म्हणून क्रम माणसागणिक फिरवला. दुसरी आठवणीची. शेतकऱ्याला आपली बाग पाठ असते. दिवाळीच्या पाडव्याची रात्र वाईट गेली हे त्याला आलेख न बघताही माहीत असतं. त्यामुळे तारखा सरकवल्या, प्लॉटांची नावं काढली आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या शिवारातली नोंद दिली.

एक आकडा वाचायचा होता तिथे तक्ता सरळ जिंकला. रात्रपट्टीवर चौकटी मोजत बसण्यापेक्षा छापलेला आकडा वाचणं कधीही सोपं. ओळीच्या टोकाचे तास ठळक आणि मोठे झाले ते यातूनच. सर्वात धोक्याची रात्र शोधताना मात्र रात्रपट्टीने बाकी तिघांना मागे टाकलं. तक्त्यात लोक आकडे एकेक करून वाचत जात, आणि फवारणी नक्की कोणत्या रात्रीनंतर झाली हा धागा मध्येच सुटे. दोन प्लॉटांच्या तुलनेत रात्रपट्टी बरी ठरली, पण फरक थोडा असला की तीही अपुरी पडली.

मला सर्वात अस्वस्थ करणारा निष्कर्ष रेषालेखाचा होता. त्यावर चुकीची उत्तरं देणारे आपल्या उत्तराबद्दल निःशंक होते. डायल बघून लोक निदान “यावरून सांगता येत नाही” एवढं तरी म्हणत. अर्धवट कळणारा आलेख न कळणाऱ्या आलेखापेक्षा जास्त नुकसान करतो, आणि खात्रीचा प्रश्न विचारला नसता तर हे आमच्या लक्षातही आलं नसतं.

शेवटी आवडीचं विचारलं. सर्वात जास्त पसंती डायललाच मिळाली. फक्त मत घेऊन थांबलो असतो तर मोठे, मराठी, ठळक डायल बनवून काम संपलं असतं.

बागेत गेल्यावर

गटाच्या कार्यालयातल्या भिंतीवर चालणारं चित्र बागेत चालेलच असं नाही. रात्रपट्टी काही जणांच्या फोनवर दिल्यावर एका सकाळी साठीतल्या एका बागायतदारांनी, गाव त्यांना तात्या म्हणतं, मांडवाखाली उभं राहून फोन पुढे केला. ओळीत रात्री दहा ते एक गडद निळं, मग पाचपर्यंत पांढरं, मग पुन्हा निळं.

“ह्ये मधी कोरडं कसं दावतंय ओ? दोनला लाईट आली म्हणून मोटर चालू कराय आलो हुतो. पानं चिंब हुती की.”

तात्यांचं बरोबर होतं. त्या चार तासांत स्टेशनकडून नोंदच आलेली नव्हती, नेटवर्क गेलेलं होतं. नोंद नसलेला तास शून्य धरला जात होता आणि शून्य म्हणजे कोरडा, पांढरा. अकरा तासांची सलग ओली रात्र तीन आणि चार तासांच्या दोन निरुपद्रवी तुकड्यांत दिसत होती. सुखरूप वाटायला लावणारी ही गफलत कार्यालयातल्या चाचणीत सापडणं शक्यच नव्हतं, कारण तिथे आम्ही पूर्ण भरलेल्या रात्री निवडल्या होत्या. त्याच दिवशी नोंद नसलेल्या तासाला तिरप्या रेघांची चौकट दिली, आणि अशी चौकट असलेल्या ओळीच्या टोकाला तासांच्या आकड्याऐवजी ‘नोंद अपुरी’ असं लिहिलं. तात्या पुढे गटाच्या बैठकीत इतरांना तिरप्या रेघा समजावून सांगू लागले.

उन्हात फिकट निळी छटा दिसतच नव्हती. आम्ही ‘थोडं ओलं’ आणि ‘पूर्ण ओलं’ अशा दोन पायऱ्या ठेवल्या होत्या. स्क्रीनवर ओरखडे पडलेल्या फोनवर पहिली पायरी पांढऱ्यात मिसळून जायची. एक पायरी काढून टाकली. थोडं ओलं पानही चलबीजाणूला पुरतं, त्यामुळे ते पूर्ण ओल्यातच धरलं.

सेन्सरची जागा हाही मांडणीचाच भाग आहे हे इथे कळलं. एका स्टेशनची पट्टी खांबावर मांडवाच्या वर, उघड्या वाऱ्यात होती आणि ती सकाळी लवकर वाळायची. आत दाट पानोळ्यात मात्र दव रेंगाळत असे. ती पट्टी वेलीच्या पानांमध्ये हलवल्यावर त्या ओळी लांबल्या. चित्र कितीही नेटकं काढलं तरी चुकीच्या जागी मोजलेला ओलावा त्याने बरोबर होणार नव्हता.

निकाल

डायल पहिल्या पडद्यावरून गेले. त्यांच्या जागी आत्ताचं तापमान, आर्द्रता आणि वारा साध्या आकड्यांत आले, आणि खाली शेवटच्या दहा रात्रींची रात्रपट्टी. तक्ताही मजकूर स्वरूपात सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, कारण काही ज्येष्ठ बागायतदारांनी शेवटपर्यंत तोच पसंत केला आणि पहिल्या प्रश्नापुरते ते बरोबरच होते.

फवारण्या किती वाचल्या, हे आम्हाला प्रत्येक जण विचारतो. दोन हंगामांचा पाऊस वेगळा, छाटणीच्या तारखा वेगळ्या, औषधं वेगळी. अशा तुलनेतून निघालेला आकडा छापण्यालायक नसतो, म्हणून तो आम्ही काढला नाही. बदल दिसला तो सल्लागाराला येणाऱ्या फोनमध्ये. “आज मारायचं का?” याच्या जागी “मंगळवारची रात्र बारा तास दाखवतेय, पण सोमवारीच मारलंय, आणि खालच्या प्लॉटला आत्ता पोंगा निघालाय, तर आधी खालीच जाऊ का?” असे फोन येऊ लागले. सगळ्यांचे नाहीत. पण जे आले त्यांत शेतकरी स्वतःचा तर्क घेऊन येत होता आणि सल्लागार तो तपासत होता. मला यात समाधान आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बागेतली चाचणी आधी आणि कार्यालयातली नंतर घेता आली असती. रंग, ऊन आणि तुटक्या नोंदी हे प्रश्न मग सुरुवातीलाच पुढे आले असते, आणि कार्यालयातल्या चाचणीत मुद्दाम अपुऱ्या रात्रीही ठेवता आल्या असत्या.

चाचणीत बागमालक होते, ब्लोअर चालवणारी माणसं नव्हती. प्रत्यक्षात मालक सांगलीला किंवा लग्नाला गेलेला असला की सकाळी निर्णय ट्रॅक्टरवरचा माणूस घेतो. त्याच्या फोनवर अ‍ॅप नसतं. मालकाने पाठवलेला स्क्रीनशॉट असतो, आणि तो कापला गेला की छाटणीचे दिवस उडून जातात.

निर्णय झाला त्याच वेळी त्याचं कारण नोंदवायची सोय पहिल्या दिवसापासून हवी होती. फवारणी केली हे अ‍ॅपमध्ये येतं. रात्र वाईट दिसूनही केली नाही, आणि का केली नाही, हे कुठेच येत नाही. मांडणी खरोखर किती उपयोगी पडली हे तपासायचं तर न केलेल्या फवारण्यांचीच नोंद जास्त महत्त्वाची.

आणि एक मोठी मर्यादा. रात्रपट्टी गेलेली रात्र दाखवते. संसर्ग होऊन गेल्यावर आंतरप्रवाही (पानात भिनणारं) औषध घ्यायचं का, या निर्णयाला ती पुरते. स्पर्शजन्य (पानाच्या पृष्ठभागावरच राहणारं) औषध मात्र पान ओलं होण्याआधी पानावर असावं लागतं. तो निर्णय येणाऱ्या रात्रीचा आहे आणि त्याला अंदाज लागतो. दिव्याची मागणी करणाऱ्यांची गरज मुळात हीच होती. अंदाजाच्या रात्री त्याच पट्टीत वर जोडाव्यात असं गटाचं म्हणणं आहे. पण मोजलेली चौकट आणि अंदाजाची चौकट सारखी दिसली तर शेतकरी दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवेल. अंदाजाच्या चौकटी पोकळ ठेवायच्या की तासागणिक शक्यता आकड्यात लिहायची, असे दोन नमुने तयार आहेत. पुढच्या फळछाटणीला ते आधी ट्रॅक्टरवाल्यांच्या फोनवर, सकाळच्या उन्हात तपासले जातील.